पलीकडची ओळ

बारामती एमआयडीसी,
४ ऑगस्ट २०२४

दादा,

महिपतीचा नमस्कार. हे पत्र तुमची लेक सारजा वाचून दाखवणार, कारण तुमचा चष्मा यात्रेत ढोलाखाली गेला आणि नवा करायला तिनं कितीदा गाडी काढली तरी तुम्ही बसला नाहीत. सारजा, वाचताना काही गाळायचं नाही. अप्पांना राग येईल असं काही आलं, तर आवाज उलट चढव.

अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळी सारजानं उचलला. म्हणाली, "काका, अप्पा म्हणत्यात, बेअरिंग गेल्यालं हाय, बोलणं जमायचं न्हाय." मी टेस्टिंगला लावलेली मोटार बंद केली आणि हे पत्र लिहायला बसलो.

मार्चमधली ती चेष्टा मी परत घेतो. पुण्याची माणसं आपल्या धनगरी ओव्यांच्या रेकॉर्डिंगला आली होती, देवळाच्या हॉलमध्ये माइक लावले होते, आपले बारा जण पांढरे फेटे बांधून उभे. तिसऱ्या कथेत तुमचा आवाज चिरला. दोनदा चिरला. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, तुमचं बेअरिंग गेलं, जरा बाजूला बसा." सगळे हसले. तुम्ही घोंगडीची घडी घातलीत, खांद्यावर टाकलीत आणि निघून गेलात. रेकॉर्डिंग तिथंच थांबलं. पाण्याच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणारा माणूस मी, चेष्टा तरी दुसरी कुठून आणणार? पण ती माइकसमोर करायची नव्हती.

आता खरी गोष्ट. सारजानं मला सगळं सांगितलं. गळ्यात गाठ आहे, पुण्याच्या डॉक्टरांनी वीस तारीख दिली आहे, स्वरयंत्र काढणार, पण माणूस वाचणार. आणि तुम्ही म्हणालात, "ओव्यांतली माझी बाजू कुणाच्या तरी तोंडात गेल्याबिगर मी गळा कापून घ्यायचा न्हाय."

दादा, आधी गळा. गाण्याचं बघू. सत्तर वर्षं चाललेलं मंडळ आहे, एका यात्रेला अर्धं गायलं तर बिरोबा रुसणार नाही.

कालव्याच्या ओवीतली माझी ओळ लिहितो, म्हणजे तुम्हाला पटेल की मी अजून तुमच्या समोरच उभा आहे:

"पलीकडच्या गड्या रं, पाण्याला किती वढ?"

पुढची ओळ तुमची. ती मला येत नाही. वीस तारखेला गाडी घेऊन येतो. तयार राहा.

तुमचा,
महिपती


२६ ऑगस्ट २०२४

दादा,

वीस तारीख गेली. मी सकाळी सात वाजता सांगवीत तुमच्या दारात गाडी घेऊन उभा होतो. जावई म्हणाले, तुम्ही वांग्याच्या रानात आहात आणि तिथून हलणार नाही. मी गाडी वळवली. वळवताना हॉर्न दिला, तो तुम्हाला ऐकू गेला असेल.

ठीक आहे. तुमचं म्हणणं शंभूराजकडून कळलं. तो तुमच्या बहिणीचा पोरगा, तीस वर्षांचा बाप्या, दूध डेअरीत पाळीवर जातो, त्याला तुम्ही पलीकडची बाजू द्यायची ठरवली आहे. आठवड्यातून दोनदा पाळी सुटल्यावर तो मोटरसायकलवर सांगवीला येणार. सात कथा त्याच्या तोंडात बसल्या की मग ऑपरेशन. त्याच्या हातून तुम्ही निरोप पाठवला: समोरून ओळ आल्याशिवाय तुम्हाला तुमची ओळ आठवत नाही, तेव्हा महिपतीनं त्याच्या ओळी मोबाइलवर भरून द्याव्यात. पाच महिन्यांनी तुमच्या तोंडून माझं नाव निघालं ते असं.

भरून दिल्या आहेत. सातही कथा. प्रत्येक ओळीनंतर तुमच्या ओळीपुरती जागा सोडली आहे. माझ्या अविराजनं ते ऐकलं आणि म्हणाला, "तात्या, ह्यो नुसता प्रश्नांचा ढीग हाय." मी म्हटलं, मंडळाचा अर्धा संसार असाच असतो.

त्याला मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. एवढी दहा वर्षं पोरगं माझ्या मागं उभं राहतंय आणि त्याला मुळाची गोष्ट धड माहीत नाही. माझे आजोबा आबाजी आणि तुमचे आजोबा धुळाबा, दोघांची मेंढरं नीरेच्या कालव्याला. एकाचा कळप अलीकडच्या काठाला, दुसऱ्याचा पलीकडच्या. मध्ये पाणी. दिवस जाता जाईना. आबाजीनं हाक मारून ओवीत काहीतरी विचारलं आणि धुळाबानं पलीकडून ओवीतच उत्तर दिलं. असे दोन हिवाळे गेले. एकोणीसशे चोपन्नच्या माघी पुनवेला बावड्याच्या माळावर दोघं समोरासमोर उभे राहिले, मागं सहा-सहा माणसं, आणि मंडळ झालं. तेव्हापासून आपल्यात अलीकडचे आणि पलीकडचे. पुढचा माणूस ओळ गातो, मागची माणसं फक्त शेवटचा शब्द उचलतात. आधी देवाला आणि गेलेल्यांना आठवायचं सुंबरान, मग बिरोबाचा जन्म, बाणाईची कथा, म्हस्कोबाची, पोरं हसावीत म्हणून लांडग्याची, मग बहात्तरच्या दुष्काळाची, शेवटी कालव्याची. सात कथा. कुठंही लिहिलेल्या नाहीत. अर्ध्या माझ्यात, अर्ध्या तुमच्यात.

अविराजनं विचारलं, "मग समोरची बाजू पण शिकून घ्यायची की. तुमी का न्हाय घेतली?"

मी म्हटलं, आपल्यात ते चालत नाही. समोरची ओळ कानानं घ्यायची, तोंडात घ्यायची नाही. पाण्यापलीकडून काय येणार हे आधीच ठाऊक असलं, तर कान देऊन कोण ऐकणार? धुळाबानं घालून दिलेला नियम आहे.

हे सगळं मी त्याला सांगितलं आणि मग मोटारीच्या कामाला लागलो.

दादा, सात कथा म्हणजे चार महिने. डॉक्टरांनी एक महिना म्हटलं आहे. निम्म्यावर थांबा.

महिपती


२२ सप्टेंबर २०२४

दादा,

मंगळवारी आलो होतो, तुम्ही बघितलंत. लिंबाखाली तुम्ही बाजेवर बसला होता, शंभूराज खाली घोंगडीवर, मध्ये त्याचा मोबाइल, आणि त्या मोबाइलमधून माझाच आवाज तुम्हाला काहीतरी विचारत होता. मला हसू आलं. तुम्ही हात वर केलात. केवढ्या कष्टानं बोललात: "महिपती, तू अलीकडचा. हितं ऐकत थांबू नगंस. विहिरीकडं जा."

गेलो. पाऊण तास विहिरीच्या कठड्यावर बसलो. सारजानं चहा आणून दिला आणि म्हणाली, "काका, तुमी दोगं आसं वागताय जसं काय हितं कुणी मरत न्हाय." चहा देऊन गेली ती परत आली नाही.

शंभूराज म्हणतो, तीन कथा झाल्या. चौथीला तुमचा आवाज दोन ओळींवर चालत नाही, मग पाणी, मग परत दोन ओळी. म्हणतो, मामा मधेच हातानं दाखवतो, इथं चढ, इथं उतर.

आता एक गोष्ट लिहितो. सारजा, नीट वाच.

मी हे आधीच ऐकलं होतं. नुसतं मार्चच्या रेकॉर्डिंगच्या आधी नाही, यात्रेच्याही आधी. गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण माझ्या दुकानात सरावाला बसलो होतो. लांडग्याची ओवी चालली होती. तुमच्या खालच्या सुरात एक खरखर आली. सर्दीची नव्हती. सर्दीची खरखर पूर्ण आवाजावर पसरते, ही एकाच जागी होती, दरवेळी तिथंच, गोल फिरून पुन्हा तिथंच. मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली की मी सांगतो, पुढचं बेअरिंग की मागचं. इंदापुरापासून लोक मोटारी घेऊन येतात ते माझ्या हातासाठी नाही, ह्या कानासाठी येतात. मला कळलं होतं दादा. काय आहे ते नाही कळलं, पण आत काहीतरी बसलं आहे एवढं कळलं.

आणि मी काय केलं? पुढच्या सरावाला तुमच्यासाठी ज्येष्ठमध आणलं. नंतर खरखर झाकली जावी म्हणून माइकची जागा बदलली. नंतर चेष्टा केली.

दवाखान्यात चला, एवढं एक वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, यात्रा झाल्यावर जाऊ. कदाचित. कदाचित गेलाही असता. यात्रा पुढं होती आणि रेकॉर्डिंगची माणसं येणार होती. मंडळ रंगात होतं. मला ते थांबवायचं नव्हतं.

यासाठी मला शिव्या द्या. पण ऑपरेशन करून घ्या.

महिपती


१३ ऑक्टोबर २०२४

दादा,

काल दसऱ्याचं सोनं द्यायला आलो होतो. तुम्ही आपट्याचं पान घेतलंत, माझ्याही हातात दिलंत. सात महिन्यांत पहिल्यांदा हात लागला. हात हलका लागला, फार हलका. वजन किती उतरलंय ते मी सारजाला विचारलं नाही.

सकाळी सारजाचा फोन आला. मोठ्यानं बोलत होती. "काका, डॉक्टर म्हणाला, दिवाळीच्या पुढं गेलं तर मी हात लावायचा न्हाय. अप्पा म्हणत्यात, अजून बहात्तरची आन कालव्याची र्‍हायलीय. तुमचं ऐकतील ते. कायतरी सांगा त्यान्ला. कायबी सांगा."

काय सांगू? मी तिला म्हटलं, बघतो.

तेव्हापासून म्हस्कूतात्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्हाला आठवतो ना? माझा चुलता. माझ्या आधी अलीकडच्या रांगेत पुढं तोच उभा असायचा. त्र्याऐंशीची यात्रा. तुमचे वडील बाणाईच्या कथेत एक ओळ विसरले, आणि तात्याच्या तोंडातून ती ओळ आपसूक बाहेर पडली. समोरच्याची ओळ. ढोल थांबला. कोणी त्याला बस म्हटलं नाही. त्यानं स्वतःच डोक्यावरचा फेटा काढला, खांद्यावरची घोंगडी खाली अंथरली आणि तिच्यावर बसला. त्यानंतर एकवीस यात्रा झाल्या. प्रत्येक यात्रेला तो यायचा, मांडवाच्या कडेला घोंगडीवर बसायचा, आणि पहिल्या सुंबरानापासून शेवटच्या ओळीपर्यंत तोंड मिटून. बसलेला माणूस मांडवात तोंड उघडत नाही. लोक त्याच्या पाया पडायचे, पण पोरं विचारायची, ह्यो म्हातारा गात का न्हाय? आणि कुणीतरी सांगायचं, ह्यानं चोरली हुती. मी ते ऐकत त्याच्या जागेवर उभा राहिलो.

मी चौदाव्या वर्षी मेंढरामागून उठलो. पुढं रिवाइंडिंगच्या दुकानात झाडू मारला, तारा सोलल्या, आज सहा माणसं माझ्या हाताखाली आहेत. ते सगळं मी केलं. पण रांगेतली पुढची जागा मी केलेली नाही. ती आबाजीपासून आलेली आहे. ती गेली तर माझ्याकडं मी केलेलंच तेवढं उरेल.

हे मी तुम्हाला का लिहितोय? तात्याची आठवण आली म्हणून.

पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहितो.

महिपती


७ नोव्हेंबर २०२४

दादा,

पुढच्या आठवड्यात लिहितो म्हटलं होतं, त्याला पंचवीस दिवस झाले. चार पत्रं लिहिली आणि दुकानातल्या जुन्या वायरींबरोबर जाळली. दिवाळी झाली. सारजा, हे पत्र बसून वाच, आणि अप्पांना उशी देऊन बसव.

"पलीकडच्या गड्या रं, पाण्याला किती वढ?"
"तुझी हाक हितवर आली, एवढीच गा वढ."

दुसरी ओळ तुमची आहे. मला येते.

"बहात्तरच्या साली रं, काय खाल्लं मेंढरांनी?"
"बाभळीचा पाला सरला, मग सावली खाल्ली त्यांनी."

तीही येते. सातही कथा येतात. तुमची सगळी बाजू, कुठं चढायचं, कुठं दम घ्यायचा, सुंबरानात धुळाबाचं नाव घेताना तुम्ही किंचित थांबता तेवढ्यासकट. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, येत नाही. ते खोटं होतं.

चौऱ्याण्णव साली इंदापूरच्या रस्त्यावर राजदूत चालवताना मला कळलं की मी दोन्ही बाजू म्हणतोय. गाडी थांबवली. घाबरलो, असं मी म्हणेन, पण घाबरलो थोडाच वेळ. दादा, खरं सांगायचं तर मला आवडलं. विचारणारा मी आणि सांगणारापण मी. पुढं दुकानात दोन-तीन मोटारी एकदम चालू असल्या की त्यांच्या आवाजाआड मी पूर्ण कथा म्हणायचो, दोन्ही काठ. कुणाला ऐकू जायचं नाही. तात्याच्या तोंडून एक ओळ चुकून सुटली होती, माझं तीस वर्षं ठरवून चाललं होतं. आणि यात्रेत तुमच्या समोर उभा राहून, तुम्ही गाताना मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचो.

म्हणून तुमची बाजू कुणाच्या तरी तोंडात जायची राहिलेली नाही. ती तीस वर्षांपूर्वीच गेली. उरलेल्या दोन कथा शंभूराजला मी देतो. मांडवाबाहेर देता येतात. आणि माघी पुनवेला सगळ्यांसमोर सांगून मी बसतो. फेटा, घोंगडी, जसं तात्यानं केलं तसं.

हे मी चार ऑगस्टला सांगितलं असतं तर तुम्ही वीस तारखेला गाडीत बसला असता. मला ते चार ऑगस्टलाच माहीत होतं. तुम्ही एकेक ओळ रक्तानं ओढून काढत होता आणि मी विहिरीवर चहा पीत होतो.

उद्या निघा. आज निघा. पत्र वाचून झालं की सारजाला गाडी काढायला सांगा. माझ्या गाडीत बसायचं नसेल तर मी दुसरी पाठवतो.

महिपती


बारामती एमआयडीसी,
१६ फेब्रुवारी २०२५

सारजा,

हे पत्र तुला आहे. मोठ्यानं वाचायचं नाही, वाचून दाखवायला आता कुणी नाही. तुझं तू वाच, नाही वाचलंस तरी चालेल.

माघी पुनवेला तू मांडवात आलीस, माझ्या हातात कागद दिलास आणि लगेच रिक्षात बसून निघून गेलीस. सुंबरानालाही थांबली नाहीस. पुढं काय झालं ते तुला सांगणं माझ्याकडं लागतं.

तू येण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं होतं. ढोल तापवत ठेवले होते, बारा माणसं उभी होती, देवाला भंडारा लागला होता. मी पुढं होऊन म्हणालो, दादासोची बाजू मला येते, तीस वर्षं येते, आणि मी ती लपवली.  मग ढोलावरचा दगडू म्हणाला, "महिपतराव, म्हंजे इतकी वर्सं दोन्ही काठांचं पाणी तुमी एकटंच पीत हुता व्हय?" कुणी हसलं नाही. मी फेटा काढला, घोंगडी अंथरली आणि बसलो. माझ्या जागेवर अविराज पुढं सरकला. समोर शंभूराज, तुझ्या अप्पांच्या जागेवर, त्यांचीच घोंगडी खांद्यावर.

तेवढ्यात तू आलीस. हातात तुझ्या राजनंदिनीच्या शाळेच्या वहीचं पान. म्हणालीस, "काका, अप्पांनी गळ्यात नळी बसवल्यावर लिहिलंय. तुमच्यासाठी ठिवलं हुतं. मी द्यायची न्हवते." आणि वळताना म्हणालीस, "तुमी दोघांनी मिळून माझा बाप घालवला." ते सगळ्यांनी ऐकलं.

दोघांनी असं का म्हणालीस, हे मला कागद वाचल्यावर कळलं.

तुला पाठ असेल, तरी मी इथं उतरवतो. कागद देवापुढं ठेवला आहे, आणि मला तो शब्दाला शब्द लिहायचा आहे. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, रेघ सोडून खाली गेलेलं:

"महिपतीला माझी बाजू येती. मला ठावं हाय. दोन हजार नऊच्या यात्रेला बहात्तरच्या ओवीत मला ठसका लागला. त्याचं ओठ माझ्या ओळीवर फुडं गेलं. आवाज न्हवता, नुस्तं ओठ. मी रांग वळवून घेतली म्हंजी कुणाला दिसू नये. सांगितलं आसतं तर त्याला बसाय लागलं आसतं. त्यो बसला तर मी कुणाम्होरं गाऊ. शंभूराज शिकला की सगळं झाकून जाईल वाटलं. उशीर झाला. त्याला बसवू नका."

पंधरा वर्षं, सारजा. पंधरा वर्षं ते माझ्या समोर उभे राहून हे ओळखून होते, आणि मी त्यांच्या समोर उभा राहून समजून चाललो होतो की ह्या माणसाला कमी दिसतं. त्यांच्या गळ्यात खरखर मला ऐकू आली. माझे ओठ त्यांना दिसले. दोघंही गप्प. मी माझी जागा राखायला गप्प, ते माझीच जागा राखायला गप्प. ते ऑगस्टमध्ये तुला एवढंच म्हणाले असते, "महिपतीला विचार, त्याला येतं," तर ते आज बाजेवर बसलेले असते. बिनआवाजाचे, पण बसलेले. माझ्या त्या चेष्टेनंतरही ते हे बोलले नाहीत.

चौदा नोव्हेंबरला डॉक्टरांनी फोटो बघून आता कापता येणार नाही म्हटलं, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. तू माझ्या बाजूनं न थांबता खाली उतरलीस. एकोणीस जानेवारीला खांदा द्यायला मला पुढं बोलावलं नाहीस. बरोबर केलंस. मी मागून चाललो.

आणि एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. तू लहानपणी अप्पांच्या मागं फिरायचीस, सगळ्या ओव्या ऐकत. पलीकडची बाजू तुला येत असणार. तुझ्या अप्पांना मुलगा नाही म्हणून आम्ही तीन महिने शंभूराजची पाळी कधी सुटते ते बघत होतो, आणि तू तिथंच चहा करत होतीस. तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही. विचारायचं सुचलंसुद्धा नाही, हे त्याहून वाईट.

आता मांडवातलं.

तुझा कागद मी वाचला, मग दगडूनं घेतला आणि मोठ्यानं वाचला. शेवटची ओळ आली तेव्हा सगळे माझ्याकडं वळले. दगडू म्हणाला, "उठा. ज्याची ओळ त्यानंच सांगितलंय. उठा, महिपतराव." अविराज जागा सोडायला मागं झाला. कुणीतरी माझा फेटा उचलून माझ्यापुढं धरला.

मी उठलो नाही. हातानं खूण केली, चालू करा.

सुंबरान झालं. त्यात गेलेल्यांची नावं येतात, धुळाबा, आबाजी, म्हस्कूतात्या. शेवटी शंभूराजनं दादासोचं नाव घेतलं. घ्यायच्या आधी तो किंचित थांबला. ते त्याला मी शिकवलेलं नव्हतं.

बिरोबाचा जन्म, बाणाई, म्हस्कोबा, नीट झालं. लांडग्याला पोरं हसली. मग बहात्तरची. अविराजनं माझी ओळ टाकली:

"बहात्तरच्या साली रं, काय खाल्लं मेंढरांनी?"

आणि शंभूराज अडकला.

मला दिसत होतं, त्याला बाभळीचा पाला आठवत होता, पुढचं नाही. ढोलाचं एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. पलीकडची सहा माणसं शेवटच्या शब्दाची वाट बघत तोंड उघडून उभी. लोक माझ्याकडं बघायला लागले. सगळ्यांना आता माहीत होतं की ती ओळ कुठं आहे. ती माझ्या जिभेवर होती, सारजा. नुसतं तोंड उघडायचं होतं. दगडू ढोल वाजवता वाजवता माझ्याकडं मान हलवत होता, सांग, सांग.

तिसरं आवर्तन अर्धं झाल्यावर शंभूराजनं डोळे मिटले आणि ओळ गायली. बरोबर गायली. सहा माणसांनी शेवटचा शब्द उचलला.

माझे ओठ हलले नाहीत. समोरून ओठ ओळखणारे तुझे अप्पा नव्हते, तरी हलले नाहीत.

महिपती